वाळूचा झारा कोणता घ्यावा? खान्देशातून समुद्रावर डिटेक्टर घेऊन जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आपल्याकडे समुद्र नाही हे मलाही माहीत आहे भो. जळगावात मेटल डिटेक्टर (वाळूत हरवलेल्या अंगठ्या-नाणी शोधायचं मशीन) आणि ती वाळू चाळायचा झारा पाठीला लावून निघालो की गल्लीतली पोरं विचारतात, काका बोअरचं पाणी बघायला चालले का. पण तापी तर आपलीच ना, मुलताईहून निघते, भुसावळ, प्रकाशा करत ७२४ किलोमीटर जाते आणि सुरतेच्या पुढे डुमसजवळ समुद्राला मिळते, आणि साधारण तिच्याच दिशेने आपली सुरत-भुसावळ लाइनची गाडी पण जाते. म्हणजे समुद्र आहे, फक्त एक रात्र लांब आहे. माझ्याकडे डिटेक्टर कोणता घेऊ विचारायला खूप जण येतात, झारा कोणता हे कोणी विचारत नाही, आणि मग तिथे गेल्यावर ओल्या वाळूत बोटं घालून बसतात. ज्यांनी उशिरा का होईना विचारलं त्यांचे प्रश्न इथे एकत्र करतो.

स्कूप, स्कूप म्हणतात ते नेमकं काय? शेतातलं फावडं नाही का चालत?

शेतात चालतं. वाळूत फावडं मारलं की आजूबाजूची वाळू परत खड्ड्यात घसरते, आणि अंगठी असेल तर ती त्या घसरणीबरोबर अजून खाली जाते. सोनं हे साध्या वाळूच्या दाण्यापेक्षा सातपट जड असतं, त्यामुळे वाळू हलली की ते खालीच बसत जातं, वर कधी येत नाही. स्कूप म्हणजे दांड्याला लावलेला भोकांचा डबा, पुढून उघडा. वाळूत घातला, उचलला, हलवला, वाळू खाली आणि वस्तू आत.

जळगावच्या सराफ बाजारात ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना झारेकरी माहीत असतील, सोनाराच्या दुकानातला केर आणि राख घेऊन धुऊन चाळून त्यातले सोन्याचे कण काढणारे लोक. समुद्रावर आपण तेच काम करतो, फक्त दुकान मोठं आहे आणि मालक कोण ते कळत नाही. म्हणून मी याला झाराच म्हणतो, बुंदीचा असतो तसा. आणि बुंदीच्या झाऱ्यासारखाच याचा एकच खरा गुण, किती लवकर रिकामा होतो. दुकानदार तुम्हाला धार दाखवेल, जाडी दाखवेल, चकाकी दाखवेल, तुम्ही भोकं बघा.

प्लास्टिकचा घेऊ की स्टीलचा?

कोरड्या वाळूत फिरणार असाल तर प्लास्टिकचा हातझारा मस्त आहे, मी मनापासून सांगतो. हलका, बॅगेत बसतो, गंजायचा प्रश्न नाही, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तो डिटेक्टरच्या कॉइलसमोरून (खालची शोधणारी तबकडी) फिरवला तरी मशीन ओरडत नाही, त्यामुळे वस्तू झाऱ्यात आली की खड्ड्यातच राहिली हे दोन सेकंदात कळतं. बसायच्या जागा, भेळवाल्यांच्या गाड्यांसमोरची वाळू, जिथे लोक चटई टाकून बसतात तिथे यानेच काम भागतं.

पण ओहोटीच्या ओल्या वाळूत प्लास्टिक न्यायचं नाही. ओली वाळू दाबलेली असते, जवळजवळ सिमेंटच्या ओल्या मालासारखी. माझा पहिला झारा प्लास्टिकचाच होता, वलसाडजवळ तिथलच्या किनाऱ्यावर पहिल्याच सकाळी चौथ्या खड्ड्याला त्याचा ओठ, म्हणजे पुढची कड, तडकला आणि उरलेला दिवस मी शहाळ्याच्या करवंटीने वाळू काढली, बायको अजून सांगते सगळ्यांना. ओल्या वाळूसाठी स्टीलच, आणि पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरणार असाल तर लांब दांड्याचं स्टीलच, त्याला दुसरा पर्याय नाही.

अॅल्युमिनियमचे पण येतात, दोन्हीच्या मधले. वजनाला बरे पण ओठ वाकतो आणि एकदा वाकला की परत सरळ केला तरी आधीसारखा राहत नाही. कोरडी वाळू आणि थोडीफार ओली एवढंच करणाऱ्याला चालेल.

भोकं किती मिलिमीटरची असावी?

हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, तुम्ही काय शोधायला चाललात त्यावर आहे.

नाण्यांपासून सुरू करू. आत्ताच्या मालिकेतलं १ रुपयाचं नाणं साधारण २० मिमी, २ चं २३, ५ चं २५ आणि १० चं २७ मिमी. म्हणजे १२ मिमीच्या भोकातून कुठलंच चालू नाणं पडत नाही. अंगठी पण नाही पडत. जोडवी पण बहुतेक राहतात. पण आपल्या बायकांच्या अंगावर फक्त अंगठ्या नसतात ना. चमकी, कानातला टॉप, मंगळसूत्राची वाटी, डोरलं, सुटा मणी, यातलं बरंच काही १२ मिमीतून बिनबोभाट खाली जातं. आणि चेन तर अशी चीज आहे की तिचं एक टोक भोकात शिरलं की झारा हलवताना ती सापासारखी पूर्ण निघून जाते, तुम्हाला पत्ता पण लागत नाही. (तशी बारीक चेन डिटेक्टरला पण नीट दिसत नाही, मशीनला ती एक वस्तू म्हणून न दिसता सुट्या कड्या दिसतात, त्यामुळे आवाज बारीक येतो.)

म्हणून मी ८ मिमी वापरतो. त्यातून वाळू थोडी हळू पडते पण मला पाठ सांभाळण्यापेक्षा चमकी सांभाळायची असते. ज्यांना फक्त पाण्यात उभं राहून अंगठ्या काढायच्या आहेत त्यांनी १०-१२ घ्यावा, कारण पाण्यात लाट दर काही सेकंदाला ढकलत असते आणि तिथे वेग लागतो. ६ च्या खाली जाऊ नका, शंखाचे तुकडे अडकून भोकं बंद होतात आणि मग तुम्ही झारा घेऊन नाही तर बादली घेऊन फिरताय.

आता यातली गोम, जी मला स्वतःला दोन झारे वाया घालवून कळली. भोक केवढं यापेक्षा दोन भोकांमध्ये पत्रा किती सोडलाय हे जास्त महत्त्वाचं आहे. तिरक्या ओळीत ८ मिमीची भोकं असतील आणि एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १२ मिमी अंतर असेल तर पत्र्याचा साधारण ४० टक्के भाग उघडा असतो. तीच ८ ची भोकं २० मिमी अंतरावर पाडली तर उघडा भाग जेमतेम १५ टक्के. दोन्हीवर दुकानदार आठ एमएमच लिहिणार. त्यामुळे फोटो मोठा करून भोकांमधला पत्रा बघा, भोकाच्या निम्म्याहून जास्त रुंद पत्रा मध्ये दिसला तर सोडून द्या. षटकोनी भोकं असलेले, मधमाशीच्या पोळ्यासारखे, त्यात पत्रा कमी उरतो म्हणून ते लवकर रिकामे होतात, पण महाग असतात.

साइज केवढी घेऊ? मोठा घेतला तर एका दमात काम होईल ना?

सगळ्यांना हेच वाटतं. हिशेब करू. ओली वाळू लिटरला साधारण २ किलो भरते. ३ लिटरचा झारा भरला की ६ किलो वाळू, वर झाऱ्याचं स्वतःचं अडीच-तीन किलो, म्हणजे एका उचलीला नऊ किलो. सकाळभरात शंभर सिग्नल, म्हणजे मशीन ओरडलेल्या जागा, खणले, प्रत्येकाला एक झारा धरला तरी नऊशे किलो उचललं तुम्ही, आणि प्रत्येक सिग्नल एका झाऱ्यात कधीच निघत नाही. केळीचे घड वाहणाऱ्या रावेर-यावलच्या माणसाला नाही वाटणार काही, दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या माझ्यासारख्याला दुसऱ्या दिवशी उठता येत नाही.

माझ्या मते दीड ते दोन लिटर पुरे. तोंडाची रुंदी वीतभरापेक्षा थोडी कमी, म्हणजे १५ सेंमीच्या आसपास, आणि पोटाची लांबी २५-३०. त्यापेक्षा अरुंद घेतला तर वस्तू नेमकी कुठे आहे ते बरोबर हेरावं लागतं आणि नवीन माणसाला ते जमत नाही, तो खड्ड्याच्या चारही बाजूंनी कोरत बसतो. डिटेक्टरचा आवाज जिथे सगळ्यात मोठा येतो तिथे कॉइलच्या मध्याखाली पायाने खूण करायची आणि खुणेच्या तीन-चार बोटं मागून झारा घालायचा, खुणेवर नाही. खुणेवर घातला तर ओठ नेमका अंगठीवर बसतो.

दांडा लांब हवा की हातझारा पुरेल? ट्रेनमध्ये कसा नेऊ?

खान्देशातून जाणाऱ्याला हा प्रश्न कोकणातल्या माणसापेक्षा जास्त पडतो, त्याचं घरच किनाऱ्यावर आहे, त्याने झारा अंगणात ठेवला तरी चालतो. आपल्याला अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत जनरल डब्यातून न्यायचा आहे.

हातझारा म्हणजे गुडघ्यावर बसून काम. एक तास ठीक. लांब दांडा म्हणजे उभ्याने पायाने दाबायचा, दांडा मागे ओढायचा, तरफेसारखा, वाळूचा लादा सुटून येतो. ओल्या वाळूत हाच. झाऱ्याच्या मागच्या बाजूला पाय ठेवायला सपाट पट्टी आहे का बघा, नसेल तर चप्पल फाटते, आणि दांडा पट्टीला सरळ जोडलेला नसून थोडा मागे झुकलेला हवा, नाहीतर तरफ बसत नाही. उंचीचा अंदाज: झारा जमिनीवर ठेवल्यावर दांड्याचं टोक कमरेच्या वर आणि छातीच्या खाली यावं.

आता पोर्टेबल. बाजारात घडी होणारे दांडे मिळतात, बिजागरीवर दुमडणारे किंवा फिरवून लॉक होणारे, आणि ते बघायला इतके भारी वाटतात की माणूस लगेच घेतो. घेऊ नका. बारीक वाळू त्या सांध्यात जाते, खारं पाणी जातं, आणि तिसऱ्या फेरीला ते लॉक एकतर उघडत नाही किंवा तुम्ही सगळं वजन टाकलं की नेमकं तेव्हा सुटतं. मी एक वापरला होता, फिरवून लॉक होणारा, तो घरी आणून डब्ल्यूडी-फोर्टी मारून, गरम पाणी ओतून, शेवटी हातोड्याने उघडावा लागला.

चांगला पोर्टेबल म्हणजे दोन तुकड्यांचा दांडा, एक पाइप दुसऱ्यात कमीत कमी वीतभर आत जाणारा, आणि आरपार एक किंवा दोन बोल्ट. बस्स. स्प्रिंगचं बटन नको, फिरकी नको. बोल्टला विंग नट लावा म्हणजे पाना बरोबर न्यावा लागत नाही. एक तुकडा ६० सेंमीपेक्षा लहान असेल तर कुठल्याही मोठ्या सॅकला बाजूने बांधता येतो. आणि झाऱ्याचं पोट रिकामं नेऊ नका, त्यात हातमोजे, टॉवेल, पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर), भाकरीचा डबा हे सगळं बसतं, वरून गोणपाट गुंडाळायचं आणि सुतळी. ओठाची धार गोणपाटात दुहेरी झाकायची, बाजूच्याच्या पायाला लागली तर नंदुरबारपर्यंत शिव्या खाव्या लागतात.

विमानाने कोणी गोव्याला वगैरे जाणार असेल तर झारा चेक-इन सामानातच, केबिनमध्ये धारदार स्टील कोणी सोडणार नाही, आणि उलट पॉवर बँक मात्र केबिनमध्येच.

रेल्वे पोलीस विचारतात का काही?

विचारतात. विचारणारच, लांब पाइप आणि भोकांचा डबा गोणपाटात गुंडाळलेला. उघडून दाखवायचं आणि खरं सांगायचं. मला नवापूरला एकदा उतरवून बघितलं होतं, ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, त्यामुळे कुठल्या राज्याने मला पकडलं हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. बिल जवळ ठेवा, स्थानिक वेल्डरकडून बनवला असेल तरी त्याच्याकडून चिठ्ठी घ्या.

इथेच कोणाकडून बनवून घेतला तर? एमआयडीसीत एवढे फॅब्रिकेशनवाले आहेत.

घ्या की. माझा आत्ताचा झारा तसाच बनलेला आहे. पण ड्रॉइंग नीट द्या, वेल्डरला दोष देऊ नका, त्याने आयुष्यात कधी समुद्राची वाळू चाळलेली नसते. माझ्या पहिल्या वेळी मी नुसतं आठची भोकं असं सांगितलं, अंतर सांगितलं नाही, त्याने २० मिमीवर पाडून दिली आणि झारा असा झाला की गिरणेच्या वाळूत भरून उचलला तर पाणी धरून ठेवायचा. आईने बघितलं आणि म्हणाली, पोऱ्या, वाळूमा काय सोनं उगस का. आता तो झारा आमच्याकडे कुंडी आहे, तुळस लावली आहे.

दुसऱ्या वेळी मी तयार भोकांचा जाळी पत्रा आणायला सांगितला, तो शीटमध्ये मिळतो, भोकं मशीनवर पाडलेली असतात, एकसारखी. ड्रिलने एकेक भोक पाडायला लावलं तर मजुरी जास्त लागते आणि कडा बोटं कापतात. पत्रा १.५ ते २ मिमी, सोळा गेज म्हटलं की त्यांना कळतं. पुढच्या ओठाला भोकं नकोत, तिथे दोन बोटं रुंद अखंड पट्टी, थोडी जाड, हवं तर मधोमध जरा टोकदार. वेल्डिंग आर्गॉनचं करा, साध्या रॉडने केलं तर नेमकं तिथूनच गंज सुरू होतो. आतले वेल्डचे गोळे घासून घ्या, नाहीतर चेन अडकते.

मटेरियलचं: ३०४ मागा. त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये वर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या पाण्याला जास्त टिकतं, पण वर्षातून तीन-चार वेळा जाणाऱ्याने त्यासाठी पैसे घालू नयेत, ३०४ धुऊन ठेवला तर पुरतो. लोहचुंबक लावून बघण्याची जी पद्धत आहे, चिकटलं नाही म्हणजे ३०४, ती अर्धीच खरी आहे, २०२ वगैरे स्वस्त ग्रेडलाही चुंबक नीट चिकटत नाही. त्यामुळे ओळखीच्या दुकानातून बिलावर ग्रेड लिहून घेतलेला पत्रा हाच उपाय.

स्टेनलेस आहे तरी माझ्या झाऱ्यावर तांबूस ठिपके आले. फसवलं का?

बहुतेक नाही. स्टेनलेस म्हणजे डाग कमी पडणारं, अजिबात न पडणारं नाही. मीठ अंगावर वाळलं की बारीक खड्डे पडून ठिपके येतात. किनाऱ्यावरून निघताना गोड्या पाण्याने धुवा, मोटारपंप नसेल तर दोन बाटल्या पाणी पुरतं, आणि ओलाच गोणपाटात गुंडाळून रात्रभर ट्रेनमध्ये ठेवू नका. भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबने ठिपके जातात, लोखंडी तारेच्या घासणीने घासू नका, तिचेच कण पत्र्यात बसून गंजतात.

एक घरगुती किस्सा. आमच्याकडे भरितासाठी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात आणि एकदा निखाऱ्यातून वांगी काढायला कोणालातरी माझा झारा सापडला. कामाला उत्तम होता म्हणे, राख आपोआप गळून जाते! पण स्टील तापून जिथे निळं-पिवळं झालं तिथे पुढच्या फेरीला पहिला गंज आला, कारण तापल्यावर वरचा संरक्षक थर खराब होतो. वेल्डिंगजवळचा रंगही त्याच कारणासाठी घासून काढायचा असतो. भरीत मात्र चांगलं झालं होतं.

आणि एक, अॅल्युमिनियमच्या दांड्यात स्टीलचा बोल्ट असेल तर खाऱ्या पाण्यात त्या दोघांचं जमत नाही, अॅल्युमिनियम पांढरं पडून झिजतं आणि बोल्ट आत जाम होतो. ग्रीस लावा आणि घरी आल्यावर प्रत्येक वेळी बोल्ट काढून ठेवा.

स्टीलचा झारा जवळ असला की डिटेक्टर सारखा ओरडतो, काय करू?

झारा मागे ठेवा. एका हाताने डिटेक्टर पुढे झुलवायचा, दुसऱ्या हाताने झारा मागून ओढत न्यायचा, दांड्याला दोरी लावून कमरेला बांधला तरी चालतो. झाऱ्यातली वाळू कॉइलसमोर न धरता बाजूला ओतायची आणि ढिगावरून कॉइल फिरवायची, किंवा पिनपॉइंटर वापरायचा. खड्डा परत तपासताना झारा दोन पावलं लांब टाकायचा. खारी ओली वाळू स्वतःच वीज वाहते म्हणून साध्या एक-फ्रिक्वेन्सीच्या मशीनला तिथे खोटे आवाज येतात, ते झाऱ्यामुळे आहेत असं समजून झारा बदलणारे पण मी पाहिलेत. कोरड्यात गप्प आणि ओल्यात ओरडतंय तर मशीनची सेटिंग बघा, बीच मोड असेल तर तो लावा, सेन्सिटिव्हिटी कमी करा.

झाऱ्याला चुंबक लावलेले मिळतात, फायदा आहे का?

परदेशात फायदा आहे, खिळे आणि तारा त्याला चिकटून बाजूला पडतात. आपल्याकडे गंमत अशी की १ आणि २ रुपयाची स्टीलची नाणी पण चुंबकाला चिकटतात. म्हणजे चुंबक कचरा वेगळा करतो आणि त्यात तुमचे पैसे पण जातात. याच कारणामुळे डिटेक्टरचं लोखंडावर ओरडणं पूर्ण बंद केलं तर ही नाणी पण गप्प होऊ शकतात. नाण्यात रस नसेल तर लावा चुंबक.

डुमस, तिथल, सुवाली, कुठल्या वाळूला कुठला झारा?

डुमस आणि तिथलची वाळू काळी. काळ्या वाळूत लोखंडाचे जड दाणे असतात, मशीन कुरकुर करतं आणि झारा नेहमीपेक्षा जड लागतो, म्हणून तिथे लहान पोटाचा झारा. चांगली बाजू अशी की कोरडी काळी वाळू पटकन गळून जाते.

सुरतेच्या बाजूला ओहोटीला चिखल पण खूप उघडा पडतो. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक आपल्या देशात सगळ्यात मोठा आहे, पाणी लांब जातं आणि येतं तेव्हा चालत नाही, पळत येतं. चिखलात कुठलाच झारा चालत नाही, ८ ची काय १५ ची भोकं पण लिंपून जातात, आणि पाय फसतो ते वेगळंच. वाळू संपून चिखल सुरू झाला की मागे फिरा, सिग्नल कितीही चांगला येत असला तरी.

डहाणू-बोर्डीकडे किंवा अलिबागला जाणार असाल तर साधी दाबलेली वाळू, ८-१० ची भोकं, लांब दांडा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओहोटी पण खोल जाते, एरवी पाण्याखाली असणारा पट्टा उघडा पडतो, तेव्हा जा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार हलत नाही. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते हे गाडीच्या तिकिटाआधी बघा, तिकिटानंतर नाही.

कासवांची अंडी असतात त्या किनाऱ्यांवर, वेळाससारख्या, थंडी ते उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत वरच्या वाळूत खणू नका.

जायच्या आधी इथे तापी-गिरणेत सराव करू का?

झाऱ्याचा सराव करायला नदीत जायची गरजच नाही. बांधकामाची वाळू घमेलंभर घ्या, त्यात वॉशर, नाणं, जुनं जोडवं, आईला विचारून एक चमकी टाका, पाणी ओता आणि झाऱ्याने काढून बघा. पाच-सात झटक्यांत रिकामा झाला तर झारा चांगला. चमकी गायब झाली तर भोकं मोठी, आणि तुमची रात्र पण मोठी.

नदीकाठी मशीन फिरवण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. आपल्या नद्यांचे काठ साधे नाहीत. प्रकाशा, गिरणेवरचं बहाळ इथे १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं आणि हजारो वर्षांपूर्वीच्या वस्त्या निघाल्या, सावळदा संस्कृतीचं नावच तापीकाठच्या गावावरून पडलंय. संरक्षित जागेत परवानगीशिवाय खणणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते. तीर्थाच्या घाटावर लोकांनी वाहिलेलं काढायला जाणं तर मला कायद्याच्या आधी मनालाच पटत नाही. समुद्रावर पण स्थानिक लोकांना, ग्रामपंचायतीला किंवा चौकीवर विचारून घ्या, आणि प्रत्येक खड्डा बुजवा, पळणाऱ्या पोराचा पाय त्यातच जातो.

समजा खरंच अंगठी निघाली, मग?

पहिल्यांदा नाचून घ्या. मग बघा आत नाव किंवा तारीख कोरलेली आहे का. सापडलेली वस्तू आपली होत नाही, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७१ नुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळायची जबाबदारी येते. जवळच्या टपरीवाल्याला आणि चौकीला सांगून ठेवा, टपरीवाल्याला कोण रडत गेलं ते नेमकं माहीत असतं.

मला एकदा उलटं झालं, एका जोडप्याने मला मशीन घेऊन फिरताना बघून हाक मारली, पोहताना अंगठी गेली म्हणाले. थंड पाण्यात बोटं आक्रसतात आणि ओली असतात, म्हणून अंगठ्या पाण्यातच जास्त जातात. कुठे उभे होतात ते दाखवा म्हटलं तर नवरा एकीकडे दाखवतोय, बायको दुसरीकडे. बायकोच्या जागी अकराव्या झाऱ्याला निघाली, आठच्या भोकांवर आडवी बसलेली. त्यांनी पैसे देऊ केले, मी नाही घेतले, मग त्यांनी शहाळं पाजलं आणि करवंटी फेकायला निघाले, ती मी मागून घेतली. झाऱ्याचा भरवसा नसतो.